लॉरीत कण्हणारा विमलेश

त्या मंगळवारी नदीच्या वळणावर निदान दीडशे माणसे जमली होती. ऊसतोडीच्या टोळ्या काम अर्धे टाकून आल्या होत्या आणि पुष्कळांच्या हातांत कोयते तसेच होते. बायकांनी ओढण्या कपाळापर्यंत ओढून घेतल्या होत्या. फिजीतल्या आमच्या लाबासा भागात साखर कारखान्याचा हंगाम सुरू असताना कोणी एक तासही फुकट घालवीत नाही. परंतु त्या दिवशी लॉरी उतारावर दिसताच सर्वांची कुजबुज थांबली.

लॉरी मी चालवीत होतो. माझ्या डाव्या हाताला भगत रामसमुझ बसला होता आणि त्याच्या पलीकडे, खिडकीपाशी, सुखराजी मावशी. लॉरी तिची होती. त्याआधी ती तिचा एकुलता मुलगा विमलेश चालवीत असे. पावसाळ्यात तीन दिवसांच्या तापाने तो गेला आणि याच वळणावरच्या स्मशानात आम्ही त्याला अग्नी दिला.

"बोल विमलेश!" भगताने गर्जना केली. "आई विचारते आहे. तुला भूक लागते का?"

त्याचा जड हात माझ्या खांद्यावर पडला. हात पडताच रेसवरचा पाय उचलून गाडी आपली आपण जाऊ द्यावी, अशी त्याची मला आज्ञा होती. मी पाय उचलला. त्याबरोबर मागच्या चाकांच्या मधून एक लांबलचक, कण्हल्यासारखा आवाज निघाला. ऊंऽऽऽ!

रस्त्यावरच्या बायकांनी हंबरडा फोडला. मावशी मागे वळून म्हणाली, "लागते ना रे राजा? मला वाटलंच होतं. आज कसाव्याचा कंद उकडलाय, माशाचा डबा फोडलाय. ये हं."

वळणापलीकडे भगत खाली उतरला आणि त्याने लोकांना शास्त्र समजावून सांगितले. "आत्मा हा गोल असतो. गोल वस्तूला गोल जागा लागते. मागच्या चाकांमधला धुरा गोल, त्याच्या पोटातली चक्रं गोल, म्हणून पोरगा तिथं जाऊन बसला. चौकोनी पेटीत बसला असता काय?"

टोळीतला मुनसामी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "भगतजी, स्टिअरिंग पण गोलच असतं की. तिथं बसला असता तर बिसुनचा पगार तरी वाचला असता!"

"गप रे! स्टिअरिंग जिवंत माणसाचं. धुरा मेलेल्याचा."

"आणि धुरा उघडून बघितला तर?"

"उघडून बघ! लोखंडाला पाना लागला की आत्मा बिथरेल आणि उघडणाऱ्याच्या मानेवर बसेल. मान पण गोलच असते, मुनसाम्या."

मुनसामीने नकळत आपली मान चाचपली आणि शास्त्राचा विजय झाला.

आता मला माझी गोष्ट सांगितली पाहिजे. हंगामापूर्वी त्या लॉरीच्या मागच्या धुऱ्यातून, म्हणजे ॲक्सलमधून, तेल गळत होते. लांब फिरता दांडा जेथे धुऱ्याच्या गोल पेटीत शिरतो, तेथील सील फाटले होते. गॅरेजात न नेता मी मावशीच्या अंगणात, नीरफणसाच्या झाडाखाली, ते स्वतः बदलले. माझ्याजवळ गाडीदुरुस्तीचे एक इंग्रजी पुस्तक होते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुस्तकातले निम्मे मला समजे. 'नट फार आवळल्यास बेअरिंग बिघडते' येथपर्यंत मी वाचले. पुढचे पान तेलाने चिकटले होते, ते मी सोडवले नाही. दांड्यावरचा जुनाच नट मी बांगडी भरावी इतक्या हलक्या हाताने बसवला. तेल गळायचे थांबले. मावशीने मला गरम रोटी वाढली आणि म्हणाली, "तुझा हात विमलेशसारखाच आहे रे." मला फार अभिमान वाटला.

आमच्या भागातील लॉरीवाल्यांची एक रीत आहे. स्मशानाच्या वळणावर कोणीही रेस देत नाही. पाय उचलायचा आणि गाडी अलगद जाऊ द्यायची. मेलेल्यांच्या दाराशी इंजिनाचा गलबला करायचा नाही. हे मला कोणी शिकवले नाही, माझे वडील तसे करीत, म्हणून मीही करतो. हंगामाच्या चौथ्या दिवशी मावशी माझ्याबरोबर बाजारात निघाली होती. त्या वळणावर मी पाय उचलला आणि तो आवाज प्रथम आला.

मावशीने माझे मनगट घट्ट धरले. "बिसुन! ऐकलंस? तापात असाच कण्हत होता तो. शेवटच्या दिवशी अगदी असाच."

त्याच क्षणी माझ्या मनात शंका आली होती. मावशी, हा आवाज मी केलेल्या कामानंतरच सुरू झाला आहे, एवढे एकच वाक्य मला बोलायचे होते. मी ते बोललो नाही. मला लाज वाटली. शिवाय त्या दिवशी मावशी चार महिन्यांत प्रथमच पोटभर जेवली. जे माणसाला जेवू घालते त्याला खोटे कसे म्हणावे, अशी मी माझ्या मनाची समजूत घातली.

माझ्या मौनाच्या वासाने भगत आला. तीन आठवडे तो मावशीला रोज वळणावर नेऊन विमलेशशी बोलवीत राहिला. अखेर विमलेशने कण्हून कबूल केले की त्याला भगताच्या कुटीतच शांती मिळेल. येत्या रविवारी लॉरी कुटीला अर्पण करावी असे ठरले. मावशीच्या पोटाला त्या लॉरीवाचून दुसरा आधार नव्हता. परंतु ती हसून म्हणाली, "त्याला बरं वाटेल तिथं राहू दे. मला काय, दोन कंद उकडले की झालं."

त्या हसण्याने मी हादरलो.

त्या गर्दीच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी, कारखान्यात माझा नंबर चुकण्याची वेळ आली होती म्हणून घाईत मी वळणावर पाय उचललाच नाही. आवाज आला नाही. एरवी इतरत्र पाय उचलला की मी लगेच ब्रेक दाबीत असे आणि त्याच्या किरकिरीत दुसरे काही ऐकू येत नसे. पुढे मैलभरावर शाळेच्या मैदानाजवळ मी मुद्दाम पाय उचलला. ऊंऽऽऽ! दाबला, बंद. उचलला, ऊंऽऽऽ! मी सहा वेळा तसे केले. विमलेशने शाळा सहावीत सोडली होती आणि पुन्हा तिकडे फिरकला नव्हता. मरणानंतर त्याला त्या मैदानाची इतकी ओढ लागेल असे मला वाटेना.

मी तसाच लॉरी घेऊन सेरूकाकांकडे गेलो. सेरूकाका कोरोवातले, म्हणजे मूळ फिजी लोकांच्या गावातले. चाळीस वर्षे कारखान्यात फिटर होते आणि आमची भाषा आमच्याहून खणखणीत बोलत. त्यांनी पुढच्या चाकांना दगड लावले, मागचा भाग जॅकवर उचलला, खाली शिरले आणि मला ओढून घेतले.

"हा दांडा धर. पेटीत शिरतो तिथं. आता पुढंमागं हलव."

मी हलवला. टक्. टक्.

"फिरायला पाहिजे, पण असा पुढंमागं हलायला नको. नट जुनाच लावलास?"

"हो काका."

"शाबास. हा नट एकदाच धरतो. काढला की फेकायचा, नवा घालायचा, मापानं आवळायचा. पुस्तकात असतं हे."

"पुढच्या पानावर असेल. ते चिकटलं होतं."

"तुझी अक्कल पण त्याच पानात चिकटली होती वाटतं!" ते बाहेर आले आणि त्यांनी दोन्ही हातांची बोटे एकमेकांत अडकवली. "हे बघ. रेस दिलीस की दांडा चाकांना ढकलतो, चक्रांचे दात असे घट्ट बसतात, आवाज नाही. पाय उचललास की चाकं उलट दांड्याला ढकलतात. नट ढिला, म्हणून दांडा सरकतो आणि दात तिरके घासतात. ते कण्हणं. आणखी दोन आठवडे चालवलीस तर दात तुटून मागची चाकं जाम होतील. पुलावर झालं तर मावशीला तुझाही आवाज ऐकू येईल."

मी खांद्यावरच्या हाताची हकिकत सांगितली. काका हसायचे थांबले.

"रामसमुझ? अरे, दोन वर्षं माझ्या हाताखाली ग्रीस भरायचा तो. पाय उचलल्यावर काय रडतं, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. मी दर रविवारी चर्चमध्ये बसतो बिसुन, देवावर माझा भरवसा आहे. पण देवाला धुऱ्यात कोंबून कोणाची लॉरी मागत नाही."

रविवारी वळणावर मंगळवारपेक्षाही मोठी गर्दी होती. प्रार्थना आटोपून सेरूकाका पांढऱ्या सदऱ्यातच आले आणि माझ्या जागी बसले. भगत आणि मावशी नेहमीसारखी शेजारी बसली, मी मागच्या फळीवर उभा राहिलो.

"हा कशाला?" भगताने विचारले.

"बिसुनचा पाय मुरगळलाय. चला भगतजी, बोलवा पोराला."

उतार लागला. "बोल विमलेश! आईला शेवटचं सांग!" भगताने काकांच्या खांद्यावर हात ठेवला. काकांनी पाय हलवला नाही. भगताने खांदा दाबला, मग चिमटला, मग हलवला. इंजिन घुरघुरत राहिले आणि वळण मागे पडले. विमलेश बोलला नाही.

"जेवायला गेला असेल," मुनसामी ओरडला. "भूक लागली होती ना!"

लोक हसले. भगत लालबुंद झाला. "परका माणूस बसला म्हणून आत्मा रुसला!"

"माझ्यावर?" काका म्हणाले. "विमलेशनं आणि मी एका करवंटीतून नगोनाच्या मुळ्यांचं पाणी प्यायलंय. तो तुमच्यावर रुसेल, माझ्यावर नाही. उतरा खाली."

भगताला उतरवून त्यांनी लॉरी मागे घेतली आणि पुन्हा उतारावर आणली. या वेळी कोणी काहीच विचारले नाही. काकांनी पाय उचलला. ऊंऽऽऽ! त्यांनी खिडकीतून डोके बाहेर काढले. "प्रश्नाआधीच उत्तर! विमलेश, मी साऱ्या फिजीचा राजा आहे काय?" ऊंऽऽऽ! "बघा, आहे म्हणतो."

हशा ओसरून लोकांनी वळून पाहिले तेव्हा भगत उसाच्या सरीत शिरून दिसेनासा झाला होता. त्याचा पितळी लोटा रस्त्याकडेला राहिला.

मावशी मात्र हसली नव्हती. मी तिच्या खिडकीशी गेलो.

"मावशी, तो आवाज माझ्या हातचा आहे. नट मी ढिला लावला."

ती माझ्याकडे वळली. "तुला कधीपासून ठाऊक?"

"शंका पहिल्याच दिवशी आली होती."

"मग तीन आठवडे मला बोलू का दिलंस? तांबडी कोंबडी मेली ते मी त्याला सांगितलं. त्याचा निळा सदरा देऊन टाकला, त्याची माफी मागितली. ते सगळं मी लोखंडाला सांगितलं का रे?"



सेरूकाकांनी नट खोलायचे पाने बाहेर काढले. तेव्हा ती म्हणाली, "थांब सेरू. उघडण्याआधी मला एकदा ने. बिसुन, तू चालव. कोणी बोलू नका."

आम्ही दोघेच निघालो. उतारावर तिने आपला हलका हात माझ्या खांद्यावर ठेवला. मी पाय उचलला. तो आवाज आला आणि वळणभर आमच्याबरोबर राहिला. तिने त्याला काहीही विचारले नाही. वळण संपताना तिने हात काढून घेतला. "पुरे. दाब पाय."

त्याच दुपारी आत नवे बेअरिंग आणि नवा नट बसला. आता ती लॉरी मावशीसाठी ऊस वाहते आणि तिच्या धुऱ्यातून श्वासाइतकाही आवाज येत नाही.

वाचकांना माझी हात जोडून विनंती आहे. चमत्कार ऐकू आला तर नमस्कार करण्यापूर्वी खाली वाकून पाहावे. तो केव्हा सुरू झाला, आणि त्याआधी कोणी काय उघडले होते, हे विचारावे. आणि ज्याला खरे ठाऊक आहे त्याने पहिल्याच दिवशी बोलावे. भगत तर खोटाच होता. परंतु त्याला लागणारे तीन आठवडे त्याला मी दिले. दुःखी माणसाची दया येते म्हणून गप्प बसणे ही दया नव्हे. त्या गप्प बसण्याने मावशीचा मुलगा दुसऱ्यांदा गेला, आणि या वेळी तो माझ्या हातून गेला.

वळणावर आम्ही अजूनही पाय उचलतो. मेलेल्यांचा मान राखायला त्यांच्याकडून उत्तर यावे लागत नाही. मावशी बरोबर असली की तेथे तिची मान किंचित मागे वळते. मागे काहीच वाजत नाही हे तिला ठाऊक आहे. तरी ती कान देते. आणि तिने मान पुढे वळवेपर्यंत मी पाय उचललेलाच ठेवतो.