दिवा लागेपर्यंत

ट्रकच्या पोटाखाली आडवं पडून धाकट्याने पान्ह्याने मोटरवर दोनदा टकटक केलं आणि ओरडला, "वहिनी, आता फिरवा."

वर केबिनमध्ये खटका फिरला. दोनवरून चारवर. त्याच्या कानाशी मोटर घुर्र करून थांबली.

"लागला दिवा?"

"नाही हो."

"नीट बघा. हिरवा. डाव्या हाताला, डिझेलच्या काट्याखाली."

"भावजी, अठरा वर्षं ह्या गाडीत बसतेय मी. दिवा कुठे असतो ते मला नका सांगू."

तो सरपटत बाहेर आला, पाठ झटकली आणि परत करंट बघायचा मीटर उचलला. सकाळपासून हेच चाललं होतं. फ्यूज बघितले, धड होते. वायरी एकेक करून तपासल्या, करंट शेवटपर्यंत पोचत होता. खटका उघडून साफ केला. मोटर काढली, टेबलावर फिरवून बघितली, परत बसवली. सगळं पास. आणि तरी दिवा नाही.

या ट्रकला पुढच्या चाकांना जोर द्यायला दांडा नव्हता. दांडा असता तर दात बसले की नाही ते हाताला कळलं असतं. इथे डॅशबोर्डवर नुसता एक गोल खटका: दोनवर फक्त मागच्या चाकांना जोर, चारवर चारही चाकांना. तो चारवर फिरवला की खालची मोटर आतले दात जुळवणार, आणि जुळले की हिरवा दिवा लागणार. आत काय झालं ते सांगायला त्या दिव्याशिवाय कोणी नाही.

दिव्याखाली पांढरी चिकटपट्टी होती, कडा मळलेल्या. त्यावर धाकट्याच्याच अक्षरात, ठळक मार्करने: दिवा लागल्याशिवाय गाडी हलवू नये.

दोन वर्षांपूर्वीची ती पट्टी. दादाने घाईघाईत दिवा लुकलुकत असतानाच एक्सलेटर दिला होता आणि आतल्या दातांचा भुगा झाला होता. गॅरेज गिऱ्हाइकांनी भरलेलं, आणि त्या सगळ्यांसमोर धाकटा मोठ्या भावावर ओरडला होता. "माश्या पाळायच्या सोडून तुला काही कळतं का रे? दिवा लागत नाही तोवर गाडी जागची हलवायची नाही! दिवा खोटं बोलत नाही. डोक्यात शिरलं का?"

दादा दहा वर्षांनी मोठा. त्यानेच धाकट्याला पहिला पान्ह्यांचा संच घेऊन दिला होता. त्याने मान खाली घालून "बरं" म्हटलं. पट्टी मात्र स्वतःच्या हाताने लावून घेतली. मग त्याचाच विनोद केला. डोंगरात मधपेट्या न्यायच्या असल्या की पायथ्याला खटका फिरवायचा, हाताची घडी घालून बसायचा, आणि दिवा लागला की वहिनीला म्हणायचा, "आली साहेबांची परवानगी." मगच क्लच सोडायचा.

तीन महिन्यांपूर्वी तो पेट्या वर ठेवून एकटाच उतरत होता. पाऊस, वळणावर चिखल, चाकं रुतली. तिथे फोनला रेंज नाही. गाडी सोडून तो परत वर चढायला लागला, खिंडीत रेंज येते म्हणून. छातीचं दुखणं आधीपासूनच होतं. शोधायला गेलेल्यांना तो खिंडीच्या अलीकडे मैलाच्या दगडाला टेकून बसलेला सापडला. फोन हातातच. त्यावर धाकट्याचा नंबर, लावलेला, न लागलेला.

तेव्हापासून भेटायला येईल त्याला धाकटा एकच सांगायचा. घाईत दादा खटका फिरवायलाच विसरला असणार, नाहीतर असल्या चिखलातून ही गाडी सहज निघते. वहिनी ऐकायची आणि पाण्याचे पेले उचलून आत जायची.

आज सकाळी ती दुसऱ्या गाडीवर लादून ट्रक घेऊन आली. धाकट्याने बॉनेटला हात घातला तर म्हणाली, "ते नंतर. आधी इकडे या."

दार उघडून तिने बोट दाखवलं. खटका चारवर होता.

"गाडी आणली तेव्हापासून कोणाला हात लावू दिला नाही मी. हे विसरले नव्हते, भावजी."

त्याने बघितलं. फडक्याला हात पुसत राहिला, स्वच्छ झाल्यावरही.

"पेट्या अजून वरच आहेत. थंडी पडायच्या आत खाली आणायला हव्यात, नाहीतर माश्या मरतील. रस्ता तोच," वहिनी म्हणाली. "नक्की काय बिघडलं होतं ते सांगा. त्याशिवाय मी ह्या गाडीत बसायची नाही."

आता दुपार कलली होती. उरला होता फक्त गिअरचा डबा, तो उघडायचा म्हणजे दोन दिवस. उघडण्याआधी एकदा खात्री करू म्हणून धाकट्याने ट्रक चारही बाजूंनी उचलला, खाली स्टँड लावले. चाकं जमिनीपासून वीतभर वर. यावेळी तो स्वतः केबिनमध्ये बसला आणि वहिनीला बाहेर लांब उभं केलं.

इंजिन चालू केलं. खटका चारवरच होता. पहिला गिअर टाकून अलगद क्लच सोडला. डोळे दिव्याच्या जागेवर. अंधारी काच, बाकी काही नाही.

"नाहीच लागत," तो खिडकीतून म्हणाला. "डबा उघडावा लागणार."

"भावजी."

"आतच काहीतरी तुटलंय."

"भावजी, पुढची चाकं फिरतायत."

"मागची म्हणा."

"मागची पण फिरतायत. पुढचीही फिरतायत. या, बघा."

"शक्यच नाही. दिवा लागलेला नाही."

"दिव्याचं मला सांगू नका. मी चाकं बघतेय."

त्याने गाडी तशीच चालू ठेवून खाली उडी मारली. चारही चाकं फिरत होती. संथ, एका लयीत. पुढच्या डाव्या टायरच्या खाचेत वाळलेला लाल चिखल होता, तो सुटून तुकड्यातुकड्याने खाली पडत होता.

धाकटा बघत राहिला. मग आत जाऊन इंजिन बंद केलं.

डॅशबोर्ड काढायला चार स्क्रू. ते काढायला त्याला खूप वेळ लागला. काट्यांची पेटी उलटी केली आणि हिरव्या दिव्याचा होल्डर पिळून बाहेर काढला. तांदळाच्या दाण्याएवढा बल्ब. काच आतून काळी पडलेली.

सकाळपासून त्याने सगळं तपासलं होतं. कंपनीचं, आधीच्या मिस्त्रीचं, दादाचं. हा बल्ब तेवढा तपासला नव्हता, कारण तो त्याने स्वतः बसवलेला होता. उन्हाळ्यात दादा म्हणाला होता, "अरे, दिवा मधूनच जातो." धाकट्याने बोटाने टकटक केली, दिवा लागला, आणि तो म्हणाला होता, "झालं. पळ आता."

वहिनी दाराशी येऊन उभी राहिली. "काय सापडलं?"

खोटं त्याच्या तोंडात तयार होतं. मोटर अडकत होती. पाणी शिरलं होतं. वायर उंदराने कुरतडली होती. यातलं कुठलंही तिने मानलं असतं.

त्याने बल्ब तिच्या तळहातावर ठेवला.

"एवढंच?"

"एवढंच. बाकी गाडी ठणठणीत आहे. तेव्हाही होती."

ती बल्ब दोन बोटांत धरून उजेडाकडे नेऊन बघत राहिली.

"म्हणजे खटका फिरवला तेव्हा..."

"तेव्हाच दात जुळले असणार. चारही चाकांना जोर होता. नुसता एक्सलेटर द्यायचा होता."

"मग दिला का नाही?"

धाकट्याने पट्टीकडे बघितलं. वहिनीनेही मग तिकडेच बघितलं, आणि सावकाश, पहिल्यांदा वाचत असल्यासारखं, ती पूर्ण वाचली.

"मला वाटायचं दोर मागवायला फोन करत होते तुम्हाला," ती म्हणाली.

"नाही," धाकटा म्हणाला. "विचारायला. हलवू का म्हणून."

बाहेर रस्त्यावरून कोणीतरी शीळ घालत गेलं. वहिनीने मूठ मिटली. तो वाट बघत होता, ती आता काहीतरी बोलेल, ओरडेल, निदान रडेल. ती स्टुलावर बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत राहिली.

"नवीन आहे ना तुमच्याकडे?" शेवटी तिने विचारलं.

"काय?"

"बल्ब."

फळीवरच्या डब्यात असे वीसएक होते. त्याने एक बसवला, काढला, मीटरवर बघितला, परत बसवला. पेटी जागेवर ठेवून स्क्रू आवळले. पट्टीचं टोक नखाने उचकटायला गेला तर ती म्हणाली, "असू दे ती. रोज वाचायचे हे."

गाडी स्टँडवरून उतरवली. वहिनी वळसा घालून आली आणि नेहमीच्या जागेवर, डावीकडे, बसली. दार दोनदा ओढून लावलं, ते एकदा ओढून लागत नसे.

"बघा चालवून. उद्या सकाळी लवकर निघू."

"वहिनी, मी येऊ म्हणताय?"

"मग कोण चालवणार? मला रस्ता माहितीये, गाडी नाही येत."

त्याने किल्ली फिरवली, मग खटका. खाली मोटर घुर्र झाली. क्षणभर काही नाही, आणि मग दिवा लागला. हिरवा, स्वच्छ, डोळ्यात भरेल इतका.

"आली साहेबांची..." वहिनीच्या तोंडून सवयीने गेलं. पुढचं तिने ओठांतच धरलं.

इंजिन चालू होतं. समोर गॅरेजचं फाटक सताड उघडं होतं, त्यापलीकडे रिकामा रस्ता. वहिनी मूठ मांडीवर ठेवून समोर बघत बसली होती.

"भावजी," ती हळूच म्हणाली, "लागलाय."

"हो," धाकटा म्हणाला. त्याचा पाय क्लचवरच होता.