पिवळं झबलं

“संडास किती?”

“एकच,” मी म्हणाले.

तपासणीला आलेल्या बाईंनी फॉर्मवर फुली मारली. “वेगळी खोली आणि वेगळा संडास असेल तरच घरी राहता येतं. नाहीतर हॉटेल. सात दिवस.”

माझा कोरोनाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह, पाच महिन्यांच्या बाळाचा निगेटिव्ह. बाटली त्यानं कधी तोंडात धरली नव्हती. नवरा परगावी अडकलेला.

“जा गं तू,” सासूबाई म्हणाल्या. “तुझ्या नवऱ्यालाही मीच वाढवलाय. कसा का असेना, वाढला ना?”

तीस वर्षं त्या इस्पितळाच्या धुलाईघरात होत्या. बोलणं कमी, घड्या पक्क्या.

“फोनवर तुम्ही मला बरं वाटावं म्हणून काहीही सांगाल,” मी म्हटलं. “हॉटेलातून आपली गच्ची दिसते. तो बाटली प्यायला, तर सकाळी तिथं पिवळं झबलं वाळत घाला. नाही प्यायला, तर पांढरं. पांढरं दिसलं ना, तर पहारा चुकवून येईन मी.”

“बरं बाई. कपड्यांवर तरी विश्वास आहे म्हणायचा.”

हॉटेल मागच्याच गल्लीत होतं. चौथ्या मजल्यावरच्या माझ्या खोलीची खिडकी उघडायची नाही. गालिच्यात पावलं विरघळायची. दारावर टकटक व्हायची. उघडेपर्यंत खुर्चीवर डबा असायचा, माणूस नसायचं. पिळून काढलेलं दूध बेसिनमधून पांढऱ्या दोऱ्यासारखं निघून जायचं. डोळा लागला की दंडावर बाळाचं वजन यायचं, जागी झाले की ती उशी असायची.

आणि रोज सकाळी काचेपलीकडे, पाण्याखाली असल्यासारख्या, अंगठ्याएवढ्या सासूबाई गच्चीवर यायच्या. कापड दोनदा झटकायच्या. पिवळं. सातही दिवस पिवळं.

आठव्या दिवशी घरी आले. बाळाचे गाल उतरले होते. त्यानं मला क्षणभर परक्यासारखं न्याहाळलं, मग पदरात तोंड खुपसलं. सासूबाईंच्या उजव्या मनगटाला पट्टी होती.

“बाटली प्यायचा ना?”

“कसली बाटली! तोंडच उघडेना. चमच्यानं पाजलं, थेंब थेंब. दिवसभर तोच उद्योग.”

“मग पिवळं कसं घातलंत?”

त्यांनी दुपट्याची घडी मोडून पुन्हा घातली. “पांढरं घातलं असतं तर तू आली असतीस. तुझं दुखणं त्याला लागलं असतं, तर कुठल्या रंगाचं घालायचं होतं मी?”

मला रागावताही येईना, आभारही मानता येईनात. बाळ मात्र चुकचुक आवाज करत पीत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळाला घेऊन त्यांच्यामागे गच्चीवर गेले. त्यांनी डाव्या हातानं पिवळं झबलं दोनदा झटकलं आणि दोरीवर टाकलं.

“आता कशाला?”

त्यांनी तोंडातला चिमटा काढून झबल्याला लावला आणि मागच्या गल्लीकडे नजर टाकली. चौथ्या मजल्यावर, त्याच काचेमागे, आता दुसरंच कुणीतरी आमच्या गच्चीकडे बघत उभं होतं.