पाद्रीबुवांचं उष्टं

डॉ. पद्माकर निजसुरे केंब्रिजला सतराव्या शतकातले इंग्लिश पंडित शिकवायचे, आणि १९८८ साली मी त्यांची रिसर्च असिस्टंट होते. म्हणजे त्यांचं वाचन मी करायचे. त्या काळचे विद्वान ज्ञानाला कशाकशाची उपमा देत, हा त्यांच्या नव्या पुस्तकाचा विषय. मधमाशी फुलाफुलांतून रस घेते तसं वाचावं, वाचलेलं पचवावं, न पचवता ओकू नये, असं ते पाद्री आणि मास्तर आपापल्या वह्यांतून लिहीत. सरांनी यातली एकही वही उघडली नव्हती. लायब्ररीतल्या धुळीने त्यांना शिंका येत म्हणे.

वह्या मी वाचत होते. उतारे कार्डांवर उतरवायचे आणि कार्डं सरांच्या टेबलावर ठेवायची. चौथं प्रकरण तर अख्खं मीच लिहिलं. त्यावर माझं नाव घालायचं त्यांनी कबूल केलं होतं, कारण ब्रिस्टलच्या लेक्चररशिपसाठी मी अर्ज केला होता आणि माझ्या नावावर छापलेली एक ओळ नव्हती. सोमवारी इंटरव्ह्यू होता. शुक्रवारच्या सेमिनारला सरांनी तेच प्रकरण वाचायला घेतलं, स्वतःचं म्हणून. पहिल्या रांगेत प्रोफेसर विटकम बसले होते, ब्रिस्टलच्या निवड समितीवरचे. मी मागे प्रोजेक्टरपाशी. संताप असा आला की हातातली स्लाइड वाकली.

रंगात आले की सर मूळ मजकूर बाजूला ठेवून कार्डं वाचतात. त्यांनी एक कार्ड उचललं आणि कुणा अज्ञात पाद्र्याचं म्हणून वाक्य वाचलं: विद्या हे एकच अन्न असं, की दुसऱ्याच्या तोंडाला लागून ते उष्टं होत नाही.

ते वाक्य माझं होतं. कार्डाच्या तळाशी आपलंही काहीबाही लिहून ठेवायची मला खोड आहे. इंग्लिश पाद्र्याला उष्ट्याचं काय? त्या काळी इथे एका पेल्यातून सगळं टेबल पीत असे. हे कळायला लायब्ररी लागत नाही. पण सदाशिव पेठेत वाढलेल्या, अजूनही भांडं ओठांना न लावता पाणी पिणाऱ्या या गृहस्थांना तेवढंही कळलं नाही.

विटकम भारावले. त्या शतकातली ही सर्वांत सुंदर उपमा, असं म्हणत त्यांनी वाक्य पॅडवर उतरवून घेतलं. मग ते कुठल्या वहीत, कितव्या पानावर सापडलं ते विचारलं.

सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि कुणाला कळू नये म्हणून सगळ्यांदेखत मराठीत म्हणाले, "वीणा, पेज नंबर दे. कुठलाही दे, मग बघू."

आकडा देणं सोपं होतं. माझं रेफरन्स लेटर अजून त्यांच्याच ड्रॉवरमध्ये पडून होतं. सर उपकार विसरतात, अपमान नाही, हेही मला ठाऊक होतं. मी इंग्रजीत बोलले, सगळ्यांना कळावं म्हणून.

"पान नाही, सर. ते वाक्य माझं आहे. प्रकरणही माझंच आहे."

सर हसले. कार्डं मिसळली असतील, पोरगी दमलीये, असलं काहीतरी पुटपुटले. त्यांची मला पर्वा नव्हती. मी विटकमकडे बघत होते. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं, स्टेशनचा रस्ता विचारणाऱ्याकडे पाहावं तसं, अगदी सभ्यपणे. मग पुन्हा पेनाचं टोपण काढलं आणि पॅडवरच्या त्या सर्वांत सुंदर उपमेवर रेघ मारली.