हात लावू नये

"दादा, तो गोलकीपर आठवतो? माझं कार्ड लिलावात गेलं. पोरीची वर्षाची फी निघाली!" धाकटा जिन्यातच थांबून सांगत होता. मी "वा, वा" म्हटलं आणि घरात येऊन दार जरा जोरातच लावलं.

"लागलं पोटात दुखायला?" बायको म्हणाली.

दुखत होतंच, खोटं कशाला बोलू? मी चष्म्याच्या दुकानात जन्मभर भिंगं घासतोय आणि हा ज्याला हात लावील त्याचं सोनं. लहानपणी गोळ्यांच्या पाकिटांतून निघणारी खेळाडूंची कार्डं दोघेही जमवायचो. तोच गोलकीपर माझ्याकडेही होता.

दुकानातल्या भिंगाखाली कार्ड तपासलं. कोपरे शाबूत, रंग ताजा. फोटो काढून लिलावाच्या साइटवर टाकला. सुरुवातीची किंमत धाकट्याला मिळाली त्याहून शंभर जास्त ठेवली.

"अहो, नवखे आहात. कमीपासून सुरू करा," बायको म्हणाली.

"त्याच्या खाली? मेलो तरी नाही."

पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारलं, "मागची बाजू दाखवा." मागे माझंच शाईतलं अक्षर होतं: 'हे माझं आहे. धाकट्याने हात लावू नये.' नवव्या वर्षीही आमचा स्वभाव हाच. निमूटपणे फोटो टाकला. मग सहा दिवस तिकडे चिटपाखरूही फिरकलं नाही.

रविवारी दुपारी मुदत संपायला दोन मिनिटं असताना 'गोलपोस्ट' नावाच्या कुणीतरी बोली लावली. एकच, पण पूर्ण किमतीची. मी खुर्चीवरून उठून नाचायचाच बाकी होतो. "आता वर जाऊन सांगतोच त्याला!"

तेवढ्यात कार्ड कुठे पाठवायचं तो पत्ता आला. आमचीच इमारत, चौथा मजला. धाकट्याचं घर.

मी खाली बसलो. त्याने कीव केली की माया, कळेना. दोन्हींनी सारखीच आग होत होती.

"जा, वर देऊन या," बायको हळूच म्हणाली. "दोन मिनिटांचं काम."

"दिलं नाहीये. विकलंय."

सोमवारी दुकानाला उशीर करून पोस्टात रांग लावली. काउंटरवरच्या बाईंनी पाकीट उलटसुलट केलं. "काका, पाठवणारा आणि घेणारा, पत्ता एकच लिहिलाय तुम्ही."

"नीट बघा," मी म्हणालो. "मजला वेगळा आहे."