सासऱ्यांना पाय लागेल म्हणून

पाण्यात पाय खाली टेकायचे नाहीत, हे संघमित्राने इतक्या वेळा सांगितलं की मला रागच आला. "अगं, कळलं ना! बालवाडीत आहोत का आम्ही?" मी म्हटलं. ही मुलुंडची पोरगी माझ्या नवऱ्याच्या, सिद्धेशच्या ऑफिसातली. सुट्टीच्या दिवशी लोकांना कयाक चालवायला शिकवते. तिच्याच नादाने आम्ही घाटकोपरहून कोलाडच्या पुढच्या एका छोट्या नदीवर गेलो होतो. सोबत माझे सासरेही. बाबा मूळचे मालवणकडचे. नदी म्हटल्यावर ते घरी बसतात होय!

संघमित्राने आधी पाणी नीट बघून घेतलं. गढूळ नव्हतं, चढलेलं नव्हतं, फांद्याबिंद्या कुठे अडकलेल्या नव्हत्या. मग म्हणाली, "होडीत बसायच्या आधी नुसतं वाहत यायचं. जॅकेट घट्ट, उताणं पडायचं, पाय पुढे आणि वर. खाली टेकलात आणि पाय दगडांच्या फटीत अडकला, तर मागचं पाणी तुम्हाला पालथं पाडून दाबून ठेवतं. कमरेएवढ्या पाण्यातसुद्धा माणूस जातो." खाली धार जिथे काठाला लागून संथ होते, तिथे तिने बाबांना पाण्यात उभं केलं. वाहत येणाऱ्याला पकडायचं काम त्यांचं. ती स्वतः अडकलेल्याला फेकायच्या दोरीची पिशवी घेऊन पलीकडच्या काठावर गेली.

सिद्धेश मस्त वाहत गेला आणि बाबांच्या बाजूला काठावर चढला. मग मी. काय झकास वाटत होतं म्हणून सांगू! आणि समोर बघते तर माझे दोन्ही पाय थेट बाबांच्या छातीवर निघालेले. सासऱ्यांच्या! अहो, घरात त्यांच्या चपलेला माझा पाय लागला तरी मी पटकन नमस्कार करते. विचारबिचार करायला वेळच कुठे होता? पाय आपोआप खाली गेले.

आणि उजवा अडकला. पुढच्या क्षणी पाण्याने मला पुढे लोटलं आणि तोंड पाण्यात. हात मारले, डोकं वर काढायला गेले, की पाणी परत खाली दाबायचं. नाकातोंडात पाणी. वाट लागली, संपलं सगळं, एवढंच डोक्यात. देवाचं नावसुद्धा आठवलं नाही.

संघमित्राने दोरी फेकली. सिद्धेशने ती झेलली आणि दोघांनी दोन काठांवरून ताणून ती माझ्या छातीखाली आणली. डोकं वर आलं. श्वास! आयुष्यात इतकी गोड गोष्ट मी कधी चाखली नव्हती. मग दोघांनी दोरी प्रवाहाच्या उलट, वरच्या बाजूला ओढली. बूट फटीतच राहिला, पाय सुटला. संघमित्राने तिच्याकडचं टोक सोडलं, तशी दोरी कवटाळून मी पुन्हा बाबांच्या दिशेने निघाले आणि खरं सांगते, पाय पुन्हा आखडायला लागले.

"पाय दी गो!" बाबा ओरडले. "माज्या छातीर दी!"

दिले. धाडकन दिले. बाबा मागे कलंडले, पण माझे घोटे त्यांनी सोडले नाहीत. तसंच खेचून त्यांनी मला काठावर घेतलं. संघमित्रा पलीकडून आली तशी मी तिच्या गळ्यात पडून रडले. "तुला बोलले ते विसर गं," म्हटलं. ती म्हणाली, "बोल अजून, पण पाय वर ठेवून बोल."

परत येताना घोटा टम्म सुजला होता. मागच्या सीटवर बाबांनी माझा पाय उचलून सरळ मांडीवर घेतला आणि थंड पाण्याचं फडकं लावायला लागले. त्यांच्या छातीवर माझ्या टाचेचा वळ उठला होता. तो बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पाय ओढून घ्यायला गेले.

"गप रव," बाबा म्हणाले. "हेच पाय हाताक गावले, म्हणान तू गावलंस."

घाटकोपर येईपर्यंत मी पाय हलवला नाही.