पालथा हात

गॅरेजवाल्या मिस्त्रीला सगळे ‘वैद्य’ म्हणायचे. ट्रक थांबला की तो चाकाशी वाकायचा, चाकाच्या मधल्या हबवर पालथा हात टेकवायचा आणि आतल्या बेअरिंगला ताप आहे की नाही ते सांगायचा. आधी डावं चाक, मग उजवं. दोन्हींत फरक लागला की चाक उतरवायचं. तीस वर्षांत त्याचं निदान चुकलं नव्हतं, आणि हे तो स्वतः कमी आणि त्याचे दाजीच जास्त सांगत फिरायचे.

दाजी चौदा चाकी ट्रक चालवायचे. मालकाने एक्सलवर तापमानाचे सेन्सर बसवले, केबिनमध्ये छोटा पडदा लावला, तेव्हा दाजी हसले होते. “आमच्या घरात वैद्य आहे. हातच्या कांकणाला आरसा कशाला?”

मिस्त्रीही हसला, पण तोंडदेखलं. वर्षभरापासून त्याच्या हातांतली जाण कमी होत चालली होती. एकदा तापलेल्या सायलेन्सरला हात लागला, ते त्याला फोड आल्यावर कळलं. तरी डॉक्टरकडे गेला नाही. हात दाखवून अवलक्षण कोण करून घेणार? वैद्यालाच नाडी लागेना म्हटल्यावर गॅरेजकडे कोण फिरकणार? झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणत शहाणा गप्प बसला.

मग ती दुपार आली. दाजींनी भरलेला ट्रक गॅरेजसमोर उभा केला. मागचं डावं चाक उजव्यापेक्षा तीस अंश जास्त तापलंय, असं सांगत पडदा सारखा कोकलत होता.

“बघ रे, काय म्हणतोय हा.”

मिस्त्रीने डाव्या हबवर पालथा हात टेकवला, मग उजव्या. दोन्ही सारखेच लागले. लागणारच, त्या हाताला आता सगळंच सारखं होतं. हे त्याला तेव्हा कळलं नव्हतं, असं म्हणता येणार नाही. चाक उतरवावं असं मनात आलंही. पण फरक नाही तर उतरवतोस कशाला, असं दाजींनी विचारलं असतं.

“काही नाही दाजी. सेन्सर खोटं बोलतोय,” तो म्हणाला आणि त्याने सेन्सरची वायरच काढून टाकली.

तासाभराने उतारावर बेअरिंग जाम झालं, चाक निखळलं आणि ट्रक कलंडला. दाजींचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

दाजी घरी आले, तरी पहिला आठवडा मिस्त्री तिकडे फिरकला नाही. शेवटी गेला. दाजी खिडकीजवळच्या पलंगावर होते. पलंगाखाली ताईने सवयीने दोन्ही चपला लावून ठेवल्या होत्या. मिस्त्रीला बसवेना.

“मालक म्हणत होता, तुझ्या वैद्याची चूक,” दाजी म्हणाले. “त्याला चांगलं सुनावलं. म्हटलं, त्याने बघितलं तेव्हा चाक ठीकच होतं. वाटेत बिघडलं.”

दाजींनी त्याला जवळ बोलावलं.

“सकाळपासून कसकस वाटतेय. ताप आहे का बघ.”

त्याने दाजींच्या कपाळावर पालथा हात ठेवला. ताई दारात गोळी घेऊन उभी होती. “देऊ का रे?” तिने विचारलं. हो म्हटलं असतं तरी चाललं असतं, नाही म्हटलं असतं तरी. कुणालाच कळलं नसतं.

“मला कळत नाही, ताई,” तो म्हणाला. “दाजी, त्या दिवशीही कळलं नव्हतं. वर्ष झालं, हाताला काही लागत नाही.”

दाजींनी कपाळावरचा हात काढून आपल्या हातात घेतला, त्याच्या मागच्या कातडीला जोरात चिमटा काढला.

“हे?”

“नाही.”

दाजींनी हात सोडून दिला.

“एवढं सांगितलं असतंस,” ते म्हणाले, “तर मी त्या पडद्याचं ऐकलं असतं.”