वासंतीच्या वहीचा हेवा

मित्रांनो, मी तडा गेलेली एक जुनी पाटी आहे. देवराव शेवटचे माझ्याजवळ बसले, ती सकाळ रोजच्यासारखीच होती. चहा उकळत होता आणि भिलाईच्या नव्या कारखान्याकडे कोळशाच्या गाड्या चालल्या होत्या.

देवराव चरोद्याच्या रेल्वे यार्डात मालगाड्यांचे डबे जोडत. नागपूरकडून आलेले, चौथी शिकलेले. इंग्रजीतला 'टेक' म्हणजे 'घे', एवढेच त्यांना ठाऊक. एकदा साहेब म्हणाले, "टेक रेस्ट." काय उचलून न्यायचे ते शोधत देवराव तिथेच घुटमळले. सारे यार्ड हसले.

तेव्हापासून ते शेजारच्या वासंतीकडे शिकायला जाऊ लागले. ती मॅट्रिक झालेली. तिच्या शिकवणीसाठी दोनशे पानी वही आली! मी घरात असताना! मी जळले, आणि माझी मालकीण कांता माझ्याहून जास्त. सातवीत इंग्रजीत पहिली येणारी देवरावांची ही लेक आईला म्हणे, "शेजारची पोरगी मास्तरीण, अन् घरची काय गोटा आहे?"

त्या सकाळी देवरावांनी मला बाहीने पुसले, 'टेक अ बाथ' असे इंग्रजीत लिहिले आणि विचारले, "कांता, आंघोळीले बी टेक लागते काय वं?"

वेणी घालता घालता कांता फणकारली, "तुमच्या मास्तरीणबाईले विचारा. आमाले काय येते!"

"बरं बाई, रागावू नोको," म्हणत ते हसले आणि जेवणाचा डबा घेऊन निघाले. दुपारी यार्डातच त्यांच्या छातीत कळ आली. घरी आणले ते खांद्यावरून.

तेराव्या दिवशी वासंती वही घेऊन आली. "काका म्हणत, कांता हुशार आहे, तिच्यासमोर चुकायची लाज वाटते. थोडं जमू दे, मंग तिलेच विचारीन."

कांताने सारी पाने चाळली. चहा, रजा, काळजी, प्रत्येकापुढे तो 'टेक' नीट बसवलेला होता. आंघोळ मात्र कुठेच नव्हती. ती त्यांनी आधी आमच्याकडे आणली होती.

मित्रांनो, घरातले मोठे माणूस काही विचारायला आले, तर हातातले काम ठेवून त्याच्याजवळ बसा.

आता कांता शाळेत शिकवते. परवा ट्रंक आवरताना तिने मला मांडीवर घेतले. घरात कोणी नव्हते. तरी ती मोठ्याने बोलली,

"बाबा, मी वासंतीवर जळत होती. तुम्ही तिच्यापाशी बसत, अन् मी घरात तुमची वाट पाहत होती. तुम्ही माझे बाबा होते ना!"